एक गृहिणी, तळटीपांसह

दातदुखीतून वाङ्मयसेवा घडते हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी दात वेळेवर काढून घेतला असता.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे माझ्याआधी बरेच गाल रांगेत होते. टेबलावर मासिकांचा ढीग होता. दवाखान्यातली मासिकं नेहमी एका ठरावीक वयाची असतात. ताजं मासिक दातांना सोसत नसावं. मी हाताला लागला तो अंक उचलला. मुखपृष्ठ गेलेलं, त्यामुळे वय विचारायची सोय नव्हती, पण आतल्या जाहिरातीतले सगळे लोक रेडिओभोवती बसून आनंदाने वेडे झाले होते. त्यात एक कथा होती, ‘नळ’. लेखिकेचं नाव ‘एक गृहिणी’. बस्स, एवढंच.

कथेत ‘आमचे हे’ नावाचे गृहस्थ होते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, आणि प्लंबरला बोलावणं हा ‘आमच्या ह्यां’ना स्वतःच्या शिक्षणाचा अपमान वाटत होता. त्यांनी आधी कागदावर नळाचा उभा छेद काढला. मग आडवा छेद काढला. मग पाना हातात घेतला. थोड्याच वेळात पाणी बैठकीच्या खोलीत आलं आणि आमचे हे स्टुलावर उभे राहून, खालच्या मजल्यावरून भांडायला आलेल्या गृहस्थांना पाण्याचा दाब म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. मी हसलो. दुखऱ्या दातासकट हसलो. रांगेतले सगळे गाल माझ्याकडे वळले. दातांच्या दवाखान्यात हसणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं फारसं चांगलं मत होत नाही.

पान उलटलं, तर पुढचं पान नव्हतंच. कुणीतरी मागच्या बाजूचं केशतेलाचं कुपन फाडून नेलं होतं, आणि कुपनाबरोबर कथेचा शेवट गेला होता. कुणाच्या तरी डोक्यावर केस यावेत म्हणून माझ्या डोक्याला घोर लागला.

“ऑऑ आऽ ऑआ?” खुर्चीत आडवा झाल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. म्हणजे, या अंकाचं पुढचं पान कुठे आहे?

“दुखतंय?” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

घरी आल्यावर सुजलेल्या तोंडाने मी बायकोला सगळं सांगितलं. “मला ती ‘एक गृहिणी’ शोधून काढायचीय.”

“समोर बघा,” बायको म्हणाली. “आणि आधी ते कापसाचे बोळे काढा. शोधायला निघालेत.”

आता मी स्वभावाने शोधक वगैरे नाही. पाणीपट्टीच्या कचेरीत मी आयुष्य काढतोय. तिथे फाइल हरवली तर आम्ही ती शोधत नाही, तिच्या येण्याची वाट बघतो. पण हा शेवट काही केल्या डोक्यातून जाईना. तेव्हा मी आमच्या भागातल्या वाचनालयात गेलो.

तिथल्या ग्रंथपाल बाईंचा आवाज मुळात इतका खाली असतो, की त्या बोलू लागल्या की वाचणारे लोक कान देऊन ऐकू लागतात आणि वाचन बंद पडतं. त्या म्हणाल्या, “जुने अंक माळ्यावर आहेत. पण लवकर बघा. कार्यकारिणीने ते रद्दीत काढायचं ठरवलंय. तिथे संगणक विभाग होणार आहे.”

“पण संगणक कुठेय?”

“संगणकाचा अजून विचार चालू आहे. जागेचा निर्णय झालाय.”

मी माळ्यावर चढलो. ‘नळ’चा शेवट तिथे मिळाला. पाणी अखेर थांबतं ते पाणी येण्याची वेळ संपते म्हणून, पण आमचे हे पाना खाली ठेवतात, हात पुसतात आणि म्हणतात, “बघितलंस?” मी इतका हसलो की खालून बाईंनी काठीने माळ्याला ठोकलं.

पुढच्या अंकात आणखी एक कथा होती. त्याच्या पुढच्यात आणखी एक. माळ्यावरच्या अंकांत अधूनमधून ही बाई दबा धरून बसली होती. एका कथेत आमचे हे झुरळाशी मानसशास्त्राच्या आधारे लढतात. दुसरीत ते पाहुण्यांना जवळच्या रस्त्याने स्टेशनवर पोहोचवतात आणि पाहुणे संध्याकाळी परत राहायला येतात. हसत हसत वाचत गेलं की मध्येच एखादं वाक्य असं यायचं, की माणूस जरा गप्प व्हायचा. ‘ह्यांची चूक झाली की हे शिट्टी वाजवतात. आज दुपारपासून घरात शिट्टी वाजते आहे, आणि मला उगाचच फार बरं वाटतं आहे.’ अशी बाई, आणि तिचा एकही संग्रह नाही. तिचं नाव कुणाला माहीत नाही. आणि महिनाअखेरीस ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढणार. मी माळ्यावरच, जाळ्यांच्या साक्षीने ठरवलं, की हे पुस्तक आपण काढायचं. संपादक म्हणून आपलं नाव येईल हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिथेच ऐसपैस बसला.

खाली आल्यावर बाईंना म्हटलं, “या कथांच्या झेरॉक्स हव्यात.”

“पुस्तक काढायला? मग लेखकाची लेखी परवानगी लागेल.”

“लेखक कोण तेच माहीत नाही.”

“लेखक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला चालतो.”

“कुणाच्या मृत्यूचा?”

“लेखकाच्या,” बाई माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत म्हणाल्या.

हाताने उतरवून घ्यायला मात्र नियमाची हरकत नव्हती, कारण तसं कुणी करील असं नियम करणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. मी रोज कचेरी सुटल्यावर पेन्सिल घेऊन माळ्यावर बसू लागलो. घरी येऊन वाचायला घ्यावं तर माझं अक्षर मलाच लागेना. शेवटी बायको म्हणाली, “उठा. मी येते उद्यापासून. तुम्ही अंक धरा.” ती भराभर लिहायची आणि मध्येच पेन्सिल टाकून हसत सुटायची. मग माझ्याकडे बघायची आणि आणखी हसायची. या दुसऱ्या हसण्याचं कारण मी विचारलं नाही. माणसाने काही गोष्टींत अज्ञानी राहावं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे वकील जिन्यातच थांबवून म्हणाले, “काढा पुस्तक, जरूर काढा. पण वारस निघणार. वारस नेहमी निघतात. तुम्ही असं करा, वर्तमानपत्रात जाहीर निवेदन द्या. मसुदा मी करून देतो.” वरच्या शिकवणीवाल्या बाईंनी वेगळाच सल्ला दिला: “पुस्तकात प्रत्येक कथेखाली प्रश्न द्या. ‘आमचे हे’ यांचे स्वभावचित्र रेखाटा. खपतं.”

मी वकिलांचा सल्ला ऐकला. आयुष्यात ज्या ज्या वेळी मी वकिलांचा सल्ला ऐकलाय, त्या त्या वेळी आमच्या घरी कपबश्या कमी पडल्यात.

निवेदन छापून आलं: ‘एक गृहिणी या नावाने कथालेखन करणाऱ्या लेखिकेने अथवा तिच्या संबंधितांनी खालील पत्त्यावर संपर्क साधावा, अन्यथा कथांचे पुस्तक काढण्यास कोणाचीही हरकत नाही असे समजले जाईल.’ रविवारी सकाळी मी दाढीला बसलो होतो तेव्हा पहिली बेल वाजली.

दारात एक कुटुंब होतं. त्यांच्या आत्या म्हणजेच ‘एक गृहिणी’, यात त्यांना शंका नव्हती, कारण आत्या फार विनोदी होत्या. आत्या सोबतच आल्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग एक गृहस्थ आले. त्यांच्या दिवंगत बायकोने या कथा लिहिल्या असल्या तर त्यांना अभिमान वाटणार होता, आणि त्यातला नवरा म्हणजे ते असले तर ते माझ्यावर दावा लावणार होते. दोन्हींची तयारी करून ते आले होते. दोन बहिणी आल्या. दोघीही ‘एक गृहिणी’ होत्या, पण एकमेकींना मानत नव्हत्या. दुपारपर्यंत बैठकीची खोली गृहिणींनी भरली आणि आमच्या घरातली मूळची गृहिणी स्वयंपाकघरातून मला हातवारे करून काहीतरी सांगू लागली. ते शब्दांत देण्यासारखं नाही.

एकीलाही ‘नळ’चा शेवट सांगता आला नाही. एवढी एक परीक्षा मी ठेवली होती. बहुतेकींचा नळ दुरुस्त होत होता.

मी हताश होऊन दार लावणार, तेवढ्यात एक उंच, ताठ म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेप. मोजमापाची असते ती.

“मी वारस नाही,” ते दारातच म्हणाले. “मी वाचक आहे.”

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

काका जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले होते. मासिक ते शब्दकोड्यासाठी घ्यायचे. त्यात एकदा ‘आमचे हे’ भेटले आणि त्यांना वेडच लागलं. “मी प्रत्येक कथा कापून ठेवलीय. कुठे मिळणार नाहीत त्याही. बायकोला वाचून दाखवायचो. अजून दाखवतो. काय मूर्ख माणूस हो तो! माझ्या तर डोळ्यांतून पाणी येतं हसून. ही मात्र कधी मोकळी हसली नाही. तोंड फिरवून बसते. तिला विनोदाचं अंग नाही.”

“सगळ्या आहेत तुमच्याकडे?”

“चला माझ्याबरोबर. आत्ता.”

त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार काकूंनी उघडलं. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चष्मा कपाळावर. काका उत्साहाने म्हणाले, “अगं, हे बघ कोण आलंय! हे आपल्या ‘एक गृहिणी’चं पुस्तक काढतायत!”

काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मला नीट पाहिलं आणि विचारलं, “साखर किती?”

काका मला आतल्या खोलीत घेऊन गेले. “कात्रणं कपाटात आहेत. जरा बाजूला व्हा हं, पलंग सरकवावा लागतो.” त्यांनी पलंग सरकवला. “आता दार लावून घ्या, नाहीतर पलंग अडतो.” मी दार लावलं. खोलीत गडद अंधार झाला, कारण दिव्याचं बटण उघड्या दाराला सोयीचं पडेल असं बाहेर होतं.

“अगं,” अंधारातून काकांनी हाक मारली, “दिवा!”

ही खोली मी वाचली होती. ‘कपाट’ ही त्या बाईची माझ्या मते सर्वांत उत्तम कथा. त्यात आमचे हे काटेकोर मापं घेऊन खोलीतच कपाट बनवून घेतात. ते उघडायला पलंग सरकवावा लागतो, पलंगासाठी दार लावावं लागतं, दार लावलं की अंधार होतो, आणि सगळं घर गरम कपड्यांवाचून थंडी काढतं.

दिवा लागला. काका कपाटात डोकं घालून कात्रणं काढत होते. मी घसा खाकरून म्हटलं, “काका, ‘कपाट’ नावाची एक कथा आहे...”

“हा हा हा! ती तर कळस आहे!” काका आतूनच म्हणाले. “काय गाढव माणूस! मापं घेताना दाराचा विचारच नाही!”

“तुमचंही कपाट जरासं...”

“छे छे. त्याचा पलंग डावीकडे सरकतो. आमचा उजवीकडे.”

चहा घ्यायला स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, तेव्हा काकूंनी मला शर्टाची बाही धरून आत ओढलं.

“तुम्हाला कळलंय,” त्या हळूच म्हणाल्या.

“कळलंय.”

“तोंडातून अक्षर काढलंत तर याद राखा.”

“पण काकू, का? एवढं सुंदर लिहिलंत...”

“गंमत म्हणून एकदा पाठवली गोष्ट. टोपणनावाने. छापून आली. त्याच दिवशी हे मासिक घेऊन आले आणि मला वाचून दाखवायला लागले. मी ओट्याकडे तोंड करून उभी. म्हटलं, आता संपलं. तर हे हसतायत! पोट धरून, खुर्चीवरून घसरेपर्यंत. लग्नानंतर यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. कचेरीतून यायचे ते कपाळावर आठ्या घेऊन यायचे हो. मग मी दुसरी लिहिली. तिसरी लिहिली. कोण छापतंय आणि कोण वाचतंय त्याचं मला काय? मला यांना हसवायचं होतं.” त्या चहा गाळायला लागल्या. “त्यांना कळलं की तो माणूस तेच, तर ते पुन्हा कधी हसतील का?”

मी फक्त विचारलं, “मग थांबलात का?”

“हे निवृत्त झाले ना. दिवसभर घरात. लिहिणार कधी आणि कुठे?”

आता माझी स्थिती बघा. लेखिका सापडली होती, पण सापडली असं म्हणता येत नव्हतं. परवानगी हवी होती, पण सही घेता येत नव्हती. अंक रद्दीत जायची तारीख जवळ येत होती. काकूंनी मोठ्या मनाने कागदावर ‘एक गृहिणी’ अशी सही करून दिली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “हिचं ओळखपत्र?”

आणि इकडे काकांनी पुस्तक ताब्यात घेतलं होतं. ते रोज माझ्या घरी यायचे. कागद किती जाडीचा हवा, समास किती सोडायचा, हे टेपने मोजून सांगायचे. छापखानेवाले त्यांना पाहिलं की मशीनमागे लपायचे. एक दिवस ते हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आले आणि लाजत म्हणाले, “मी प्रस्तावना लिहिलीय.”

प्रस्तावना माझी होती. मी ती मनातल्या मनात आंघोळ करताना कितीतरी वेळा लिहिली होती. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ‘नाही’ म्हणणं जमलं नाही. ते म्हणाले, “आमच्याकडे चला, हिच्यासमोर वाचतो. तिला मतं नसतात, पण ऐकते छान.”

मी बायकोलाही सोबत घेतलं. तिला मी सगळं सांगितलं होतं. बायकोपासून गुपित ठेवायची माझी तब्येत नाही. आम्ही बैठकीच्या खोलीत बसलो. काकू खिडकीशी बटण शिवत होत्या. काकांनी घसा साफ केला.

“‘या कथांतील नवरा हा मूर्खपणाचा अर्क आहे,’” काका वाचू लागले. “‘त्याला व्यवहार कळत नाही, यंत्र कळत नाही, माणूस कळत नाही...’”

काकूंची सुई जरा थांबली.

“‘तो आत्मप्रौढी मिरवणारा, कोरडा, आणि पत्नीविषयी बेफिकीर असा इसम आहे...’”

“बेफिकीर कुठेय?” काकू म्हणाल्या.

काकांनी दचकून वर पाहिलं. काकूंना मत असल्याचा तो बहुधा पहिला पुरावा होता. “अगं, आहेच. कथा नीट ऐकल्यास का? ‘ही माउली अशा माणसाबरोबर कशी राहिली असेल याचे नवल वाटते.’”

“नवल कसलं त्यात?”

“अगं, तो माणूसच तसा आहे! रद्दड!”

काकू उठल्या. शर्ट, सुई, दोरा सगळं घेऊन उठल्या. “रद्दड म्हणू नका त्यांना! काही कळतं का तुम्हाला त्या माणसातलं? नळ दुरुस्त करायला गेला तो कुणासाठी? बायकोला रात्री टपटप ऐकू येऊन झोप लागत नव्हती म्हणून! लिहिलंय तसं पहिल्याच ओळीत! कपाट कुणासाठी केलं? तिच्या माहेरच्या वस्तू ठेवायला जागा नव्हती म्हणून! माप चुकलं असेल, माणूस नाही चुकला! आणि म्हणे बेफिकीर! तुम्ही वाचलंय, पण लिहिलंय मी, मला ठाऊक आहे तो कसा आहे ते!”

माझ्या बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की माझा अंगठा बधिर झाला.

काका उभे राहिले. त्यांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, जिथून कपाटाचा एक कोपरा दिसत होता. मग म्हणाले, “पलंग उजवीकडे सरकतो,” पण अगदी बारीक आवाजात. आणि प्रस्तावना खिशात कोंबून ते आतल्या खोलीत गेले. दार लागलं. आत अंधार झाला असणार. दिव्यासाठी हाक आली नाही.

काकू मटकन खाली बसल्या. “झालं,” त्या म्हणाल्या.

घरी येताना मी बायकोला म्हटलं, “पुस्तक गेलं खड्ड्यात. मी त्या दोघांच्या घरात आग लावून आलो.” बायको नेहमी अशा वेळी टोमणा मारते. त्या दिवशी तिने मारला नाही, त्यावरून मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. मी वाचनालयात जाऊन बाईंना सांगितलं, की परवानगी मिळणार नाही, अंक रद्दीत द्यायला हरकत नाही. बाई प्रथमच मोठ्याने बोलल्या. “असं कसं?” त्या म्हणाल्या. “मी वाचतेय ना ते!” वाचनालयातले सगळे लोक दचकून जागे झाले.

दोन-तीन दिवस काका फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. डोळे लाल, शर्टाला इस्त्री नाही, काखेत कात्रणांचा गठ्ठा. मी मनातल्या मनात वकिलांना हाक मारली.

“सगळ्या पुन्हा वाचल्या,” काका खुर्चीत बसत म्हणाले. “बसून. सलग.”

“काका, खरंच सांगतो, काकूंच्या मनात...”

“यात तथ्याच्या चुका आहेत.”

“काय?”

“नळाच्या वेळी पाणी बैठकीच्या खोलीत आलं नव्हतं. उंबऱ्यापर्यंत आलं होतं. झुरळ एक नव्हतं, दोन होती. एकाशी मी लढलोच नसतो. पाहुण्यांचा रस्ता बरोबर होता, स्टेशनच त्या वर्षी हलवलं होतं. हे असं छापून जाता कामा नये. मी आयुष्यभर मोजणी केलीय.” त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. प्रत्येक कात्रणाच्या खाली, बारीक, सरळ अक्षरांत, आकडे घालून टिपा लिहिलेल्या होत्या. “या तळटीपा. माझ्या नावाने घाला.”

“तुमच्या नावाने?”

“‘आमचे हे’ या नावाने,” काका म्हणाले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा थरथरला. मग दुसरा. “मी, अहो... मी खरंच त्या माणसाला स्टुलावर उभं राहून पाण्याचा दाब समजावून सांगितला होता! गुडघाभर...” आणि ते हसायला लागले. उंबऱ्यापर्यंतचं पाणी हसता हसता गुडघ्यापर्यंत आलं. ते खुर्चीवरून घसरले. माझी बायको पाणी घेऊन धावत आली तर त्यांना पाहून तीही खाली बसली.

डोळे पुसून काका म्हणाले, “तिला वाटलं मी रागावेन. मी अंधारात बसलो होतो तो लाजेने नव्हे हो. विचार करत होतो. माझ्यासारख्या माणसाकडे कुणी इतकं बघितलं, इतकी वर्षं... मोजणी खात्यात आम्ही जमिनीकडेसुद्धा इतकं बघत नाही.”

‘कपाट’खालची टीप मी मुद्दाम वाचली. ‘पलंग उजवीकडे सरकतो. बाकी तपशील बरोबर आहे.’

पुढचं सगळं भराभर झालं. काकूंनी खऱ्या नावाने सही केली. ग्रंथपाल बाईंनी कार्यकारिणीपुढे उभं राहून माळा वाचवला. संगणक विभाग आता जिन्याखाली होणार आहे, संगणकाचा विचार अजून चालू आहे. पुस्तक छापून आलं. संकलक म्हणून माझं नाव मलपृष्ठावर, आतल्या बाजूला, ज्या कोपऱ्यात छापखान्याचा पत्ता असतो त्याच्या खाली आलं, आणि आडनावात एक काना जास्त पडला. मी छापखानेवाल्यांना बोललो, तर ते म्हणाले, “तळटीप देऊ का?” लोकांना पुस्तक आवडलं. कथा आवडल्या, पण तळटीपा त्याहून आवडल्या, असं काही जण काकूंसमोर म्हणाले. काकूंनी ते काकांना सांगितलं नाही.

मध्यंतरी एका सकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो. बेल वाजवण्याआधीच काकांनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. “हळू. ती लिहितेय.”

स्वयंपाकघराच्या टेबलाशी काकू वहीत वाकून बसल्या होत्या. काका मला चवड्यांवर चालवत मागच्या गॅलरीत घेऊन गेले. “मी हल्ली सकाळी इथेच बसतो. तिला घर मोकळं हवं ना.” ते माझ्या कानाशी आले. “पण विषयाची अडचण आहे हो. काल मी मुद्दाम इस्त्री करायला घेतली. पडदा जाळला. म्हटलं, तिला काहीतरी मिळेल. तर म्हणते, मुद्दाम केलेलं चालत नाही, लगेच कळतं. आता मुद्दाम न करता माणसाने करायचं तरी काय?”

“काका,” मी म्हटलं, “ते दार...”

आमच्या मागे गॅलरीचं दार ‘खट’ असं वाजलं होतं. वाऱ्याने ओढलं गेलं होतं आणि कडी आतून पडली होती.

काकांनी दार ढकललं. मग मला ढकलायला लावलं. मग खिशातून टेप काढून ते दाराची फट मोजू लागले. “घाबरू नका. कडीचा कोन लक्षात घेतला तर पट्टी आत घालून ती उचलता येते. साधी भूमिती आहे.” पट्टी आत गेली आणि अडकली. ती सोडवायला मी हात घातला, तर माझी बाही अडकली. खालून वकिलांसारखे दिसणारे कुणीतरी गृहस्थ वर बघून “काय झालं?” असं ओरडले, आणि काकांनी कठड्यावर वाकून त्यांना कडीची रचना समजावून सांगायला सुरुवात केली.

मी बाहीसकट वळून खिडकीच्या काचेवर टकटक केलं. काकूंनी मान वर केली. काचेतून आम्हा दोघांना त्यांनी पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश, माझ्या बाहीवर जरा जास्तच वेळ. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मला वाटलं, आता उठतील.

त्यांनी वहीचं नवं पान उलटलं आणि त्या खाली मान घालून भराभर लिहायला लागल्या.